दोन महिने वाढवले

आराम करायलाही वेळापत्रक लागतं, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सिंगापुरात येऊन कळलं. रविवारी सकाळी साडेसातला आमच्या सूनबाईंनी, म्हणजे अनुजाने, ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी तिच्यापासून सहा फुटांवर चहा पीत बसलो होतो. टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये कुठेही बसलं तरी माणूस माणसापासून सहाच फुटांवर असतो. तरी तिने पाठवलं, माझ्या खिशात फोन थरथरला, मी चष्मा शोधला आणि वाचलं. दहाला निघणे. अकराला ईस्ट कोस्ट पार्क. अकरा ते बारा सायकल. बारा ते दोन बार्बेक्यू. दोन ते चार 'चिल'. चारला आवराआवर.

"हे चिल म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"काहीच नाही, बाबा. म्हणजे ज्याला जे हवं ते."

"मग ते लिहायचं कशाला?"

अनुजा हसली. मी काहीही बोललो तरी हसायचं, असं तिने आम्ही आलो त्याच दिवशी ठरवलेलं दिसतं. पोरगी शहाणी आहे.

मी शामकांत, मर्चंट नेव्हीतला निवृत्त चीफ इंजिनिअर. पस्तीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. तिथे पंचेचाळीस डिग्रीत उभ्या उभ्या चहा मिळाला तरी त्याला आम्ही आराम म्हणत असू, आणि त्याचा कुणी फोटो काढत नसे. इथली मंडळी आठवडाभर एसीत बसून कीबोर्ड बडवतात आणि रविवारी त्या श्रमांचा परिहार करायला समुद्रावर जातात. समुद्राने यांचं काय घोडं मारलं आहे कोण जाणे.

मुलाकडे, रुचिरकडे, येऊन आम्हाला अडीच महिने झाले होते. येत्या गुरुवारची परतीची तिकिटं होती, माझं आणि माझ्या बायकोचं, विद्याचं. महिन्यापूर्वी रुचिरने दोन फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवले होते. आईवडिलांना जास्त दिवस ठेवून घ्यायचं तर लाँग टर्म पास काढावा लागतो, त्याचे. एक माझा, एक विद्याचा. मी दोन्ही न वाचता परत सरकवले. म्हटलं, "आम्हाला नको. आम्ही ठरल्या दिवशी जाणार." विद्या तेव्हा कुकर लावत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला मान्य होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं गणित मला पाठ झालं होतं.

फक्त तिची बॅग भरली जात नव्हती. माझी बॅग शुक्रवारीच भरून, वजन करून दाराशी उभी होती. तिची पलंगाखाली रिकामी पडली होती. कधी भरणार म्हणून विचारलं की "भरू" म्हणायची आणि पिशवी उचलून बाहेर पडायची. या गावात आल्यापासून तिला बाहेर पडायचं भलतंच वेड लागलं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी भाजी आणायला जायची ती दोन तासांनी उगवायची, केस ओलेचिंब, हातात कोथिंबिरीची एक जुडी. उकाडाच तसा आहे म्हणा. पण एका जुडीला दोन तास लागतात हे मी पुण्यातही कधी ऐकलं नव्हतं.

माझं मात्र जायच्या आधीचं सगळं काम झालं होतं. हँडिंग ओव्हर नोट्स लिहून झाल्या होत्या. हे काय असतं ते सांगतो. बोटीवरून उतरणारा इंजिनिअर त्याच्या जागी येणाऱ्यासाठी कागद लिहून ठेवतो. कोणतं मशीन कसं चालतं, कुठे गळतं, कशावर विश्वास टाकायचा नाही. शेवटी 'माहीत असलेले दोष' असं एक वेगळं शीर्षक, आणि खाली दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. नोट्स न लिहिता जो बोट सोडतो तो माझ्या लेखी इंजिनिअर नव्हेच, तो पळपुटा. घरून निघतानाही मी दर वेळी विद्यासाठी नोट्स लिहीत असे. पाण्याचा पंप, फ्यूज, विम्याचे हप्ते. ती 'घेणार'च्या पुढे सही करायची आणि एक कार्बन कॉपी मी माझ्याबरोबर न्यायचो. अशा सव्वीस कॉप्या माझ्या कपाटात आहेत.

रुचिरच्या फ्लॅटसाठी मी चार पानं लिहिली होती. एसीचा ट्रे तुंबतो तो कसा साफ करायचा, वॉशिंग मशीनची जाळी किती दिवसांनी काढायची, न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ कुठवर फिरवायचा. रुचिर "थँक्स, बाबा" म्हणाला आणि त्याने ती चार पानं फ्रिजवर चुंबकाखाली लावली, पिझ्झाच्या जाहिरातीच्या मागे. गाढवाला गुळाची चव काय.

निघायला साडेदहा झाले. वेळापत्रक करणाऱ्याचं वेळापत्रक आधी बोंबलतं, हा नियम सगळीकडे सारखा आहे. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेडोकला आणि तिथून बसने, असे आम्ही पाच जण गेलो. आराम करायला लागणारं सामान पुढीलप्रमाणे होतं: बर्फाचा खोका, कोळशाच्या दोन पिशव्या, दोन चटया, एक घडीचा तंबू, पनीर, कणसं, ओला टिश्यू, कोरडा टिश्यू आणि माझी नात जाई हिची वाळू उपसायची बादली. जाई सात वर्षांची आहे. मी बर्फाचा खोका एकटा उचलायला गेलो तर म्हणाली, "आजोबा, कॅनॉट लाह. यू आर ओल्ड वन." तिच्या बापाने हे ऐकलं आणि तो फोनमध्ये बघत राहिला.

विद्याने स्वतःची एक कापडी पिशवी खांद्याला लावली होती. ती मी घेतो म्हटलं तरी दिली नाही.

आता तो समुद्रकिनारा. जिथे आम्ही चटया अंथरल्या तिथे पूर्वी समुद्र होता. सत्तरच्या दशकात मी पहिल्यांदा या बंदरात आलो तेव्हा इथे भराव चालू होता. समुद्र बुजवला, मग वर वाळू आणून टाकली, मग शाळेतल्या मुलांसारखे रांगेत माड उभे केले आणि मग लोकांना सांगितलं, या, हा निसर्ग. सायकलींनी या पट्ट्यातून जायचं, चालणाऱ्यांनी त्या पट्ट्यातून. तंबू इथे लावा, तिथे लावू नका. विस्तव कट्ट्यावरच पेटवा. उगाच लोक पुणेरी पाट्यांना नावं ठेवतात, आमच्याकडे निदान पाटीत जरा मीठमिरची असते.

आणि माणसं. एक जण पाण्याकडे पाठ करून पाण्यासकट स्वतःचा फोटो काढत होता. एक कुटुंब तंबू लावून तंबूच्या आत बसून टॅबवर काहीतरी बघत होतं. चिलखत घातल्यासारखे गुडघ्यांना, कोपरांना, डोक्याला पॅड बांधून पोरं ताशी सहा किलोमीटर वेगाने सायकली हाकत होती. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बाबांनो, समोर बघा. समोर नांगर टाकलेल्या चाळीस-पन्नास बोटी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात वीस-पंचवीस माणसं घामाने निथळत होती, आणि या लोकांच्या घरातली झाडून प्रत्येक वस्तू त्यातल्याच कुठल्यातरी बोटीतून आली होती. पण मला कोणी विचारलं नाही.

सायकल अर्धा तास उशिराने झाली. मी केली नाही. साडेअकराला रुचिरच्या ऑफिसातले हेमचंद्र आले, सेम्बावांगहून. मूळचे पुण्याचे, वय चाळीस, कुठल्याशा बँकेच्या कॉम्प्युटरांचे मॅनेजर. अर्ध्या चड्डीला इस्त्री केलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

कोळसा पेटवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आधी फोनवर कोळसा पेटवण्याचा व्हिडिओ पाहिला. मग मेणाच्या वड्या लावल्या. मग पुठ्ठ्याने वारा घातला, तोही वाऱ्याच्या उलट दिशेने. पाऊण तासात धूर भरपूर झाला, निखारा एक नाही. "कोळसाच दमट आहे, काका," ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडे. मी पस्तीस वर्षं बॉयलर पेटवले आहेत. मी त्यांना बाजूला केलं, कोळसा मोकळा रचला, खालून हवेला वाट ठेवली आणि दहा मिनिटांत लाल निखारे करून दिले. ते टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मला पुन्हा वैताग आला.

"काका, सिंगापूर आवडलं का?" त्यांनी विचारलं. "पहिल्यांदाच आलात ना?"

"बाविसाव्यांदा."

"काय सांगता. मग सगळं बघून झालं असेल."

"काही बघितलेलं नाही. बंदरात आलं की काम जास्त असतं." मग मी सेम्बावांगची गोष्ट सांगितली. ही मी पुष्कळदा सांगतो, चांगली जमते. "तुम्ही राहता ना सेम्बावांगला, तिथल्या यार्डात शहाऐंशी साली आमची बोट दुरुस्तीला लागली होती. इंजिन पूर्ण उघडलेलं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. इथूनच उतरायचं, विमान पकडायचं, घरी. बॅग भरून तयार. आणि रिलीव्हर आला नाही."

"रिलीव्हर म्हणजे?"

"माझ्या जागी येणारा माणूस. तो आल्याशिवाय चीफ इंजिनिअरला बोट सोडता येत नाही. काय करता? दोन महिने वाढवले. आठ महिन्यांचे दहा झाले."

"आमच्याकडेही तसंच आहे, काका. रिप्लेसमेंट मिळेपर्यंत प्रोजेक्ट सोडता येत नाही."

तसंच नाही, असं मी त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात विद्या बोलली. ती शेजारी बसून पनीरचे तुकडे काडीला टोचत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तेव्हा कोण यायचा होता हो?"

"मनोहर. दादरचा."

"हो, मनोहर," ती म्हणाली आणि पुढचा तुकडा टोचला.

या गोष्टीचा जो भाग मी सांगत नाही तो इथे लिहून टाकतो. मनोहर मुंबईत बॅग भरून बसला होता. त्याचं तिकीट काढायचं तेवढं बाकी होतं. रुचिर तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याला टायफॉइड झाला होता. ताप उतरत नव्हता, विद्याची तार आली होती, लवकर या म्हणून. आणि मी कॅप्टनला जाऊन सांगितलं, की कंपनीला कळवा, मनोहरला पाठवू नका, मी दोन महिने आणखी राहतो. का, तर इंजिन उघडलेलं होतं. मी उघडलेलं इंजिन दुसऱ्या कोणी बंद करावं हे मला सोसत नव्हतं. हे एक कारण झालं. दुसरं असं, की इंजिनला काय झालंय ते मला कळत होतं. घरी जाऊन तापलेल्या पोराच्या उशाशी बसून मी काय करणार होतो? मला भीती वाटली, ही सरळ गोष्ट आहे. मी घरी तार केली: रिलीव्हर आला नाही, दोन महिने वाढवले. रुचिर बरा झाला. मी गेलो तेव्हा तो अंगणात क्रिकेट खेळत होता. मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही, असं मी धरून चाललो.

जेवण झालं. हेमचंद्रांनी कणसाला लोणी लावून वर चीज किसलं आणि त्याचा फोटो काढून कोणाकोणाला पाठवला. दोन वाजले आणि लिहिल्याप्रमाणे चिल सुरू झालं. माझा मुलगा उताणा पडून फोन बघू लागला, सून पालथी पडून फोन बघू लागली, हेमचंद्र कानात यंत्र घालून कोणालातरी 'सर' म्हणत माडांच्या रांगेत येरझाऱ्या घालू लागले. यालाच म्हणे सुट्टी म्हणतात. मी झाडाला टेकून बोटी मोजायला घेतल्या. त्यातली एक रिकामी होती, पाण्याच्या खूप वर आलेली. तिचा तांबडा तळ दिसत होता. तिच्या इंजिन रूममध्ये आता काय चाललं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकलो असतो.

विद्या आणि जाई कपडे बदलायच्या खोल्यांकडे गेल्या होत्या. मला वाटलं, पोरगी वाळूत लोळली असेल. वीस मिनिटांनी जाई पळत पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, डोन्ट शाउट, ओके?"

तिच्या मागून विद्या आली. मनगटापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला निळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला रबरी टोपी, अनवाणी. बासष्ट वर्षांची माझी बायको, जी गणपतीपुळ्याला घोट्याएवढ्या पाण्यात साडी वर धरून उभी राहायची आणि लाट आली की माझा दंड पकडायची. ती माझ्याकडे न बघता सरळ पाण्याकडे चालली होती.

मी उठलो. "विद्या, हे काय चाललंय?"

"चिल," ती म्हणाली. "दोन ते चार."

आणि ती पाण्यात गेली. गुडघा, कंबर, खांदे. मग तिने अंग पुढे टाकलं आणि हात मारायला लागली. फार ऐटदार नव्हतं ते. डोकं जरा जास्त वर, पाय जरा जास्त आपटत. मी चुका शोधत होतो, आणि शोधून होईपर्यंत ती वीस-पंचवीस हात आत गेली होती.

"रुचिर, अरे आई," मी म्हणालो.

"बाबा, बसा. तिला येतं." रुचिर उठून बसला होता. फोन खाली ठेवला होता, अडीच महिन्यांत पहिल्यांदाच. "दोन महिने शिकतेय. समोरच्या कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावात. आपल्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम आहेत ना, त्या शिकवतात, त्यांची मुलगी तिथे राहते. मंगळवार, गुरुवार."

"मंगळवार, गुरुवार ती कोथिंबीर आणायला जाते."

"कोथिंबीर येताना आणते," अनुजा म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

आता मला पोहता येत नाही, हेही सांगून टाकतो. बोटीवरच्या पुष्कळांना येत नाही. लाइफ जॅकेट घालून टाकीत एक उडी मारली की सर्टिफिकेट मिळायचं. शिवाय भर समुद्रात बोट बुडाली तर पोहून जाणार कुठे, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. पस्तीस वर्षं मी समुद्रावर होतो आणि समुद्र माझ्या अंगाला लागला नव्हता. विद्या तिथे पाठीवर झोपली होती. हात पसरलेले, तोंड आभाळाकडे. तिच्यामागे त्या सगळ्या बोटी उभ्या होत्या. जाई काठावरून ओरडत होती, "आजी, टमी अप, टमी अप," आणि आजी पोट वर करत होती.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. टॉवेल गुंडाळून चटईवर माझ्या शेजारी बसली. श्वास फुलला होता. चेहरा असा होता, की लग्नाच्या फोटोतही तसा नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला जे येतं तेच मी बोललो.

"हा पोशाख गुरुवारपर्यंत वाळणार आहे का? ओला बॅगेत घालू नकोस."

"मी गुरुवारी येत नाहीये," विद्या म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन महिने वाढवले. पास आलाय माझा. तुम्ही परत केलेला फॉर्म मी रुचिरकडून भरून घेतला."

"पण का?"

तिने टोपी काढली, केस पिळले. पाणी वाळूत पडलं. "रिलीव्हर आला नाही," ती म्हणाली.

रुचिर उठला आणि बर्फाच्या खोक्यात काहीतरी शोधायला लागला. त्या खोक्यात तेव्हा पाण्याशिवाय काही नव्हतं. अनुजा जाईला घेऊन शिंपले बघायला गेली. शहाऐंशी सालापासून आजपर्यंत ही गोष्ट मी किती लोकांना, किती वेळा, हिच्यादेखत सांगितली असेल, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"विनीताने. मनोहरच्या बायकोने. कंपनीच्या ऑफिसात भेटली होती, तुमची खबर विचारायला गेले होते तेव्हा. रुचिरला हॉस्पिटलातून घरी आणून आठ दिवस झाले होते. तीच मला विचारत होती, तुमच्या साहेबांनी आमच्या ह्यांना येऊ नका म्हणून का कळवलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही आलात ते चाळीस दिवसांसाठी. त्यातले भांडणात किती घालवायचे?" ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "आणि सूड वगैरे काही नाही हो. तसं असतं तर इतकी वर्षं थांबले नसते. मला आत्ता कुठे पाठीवर तरंगायला यायला लागलंय. अंग सैल सोडलं की पाणी धरतं. मिसेस लिम म्हणतात, आणखी दोन महिने केलं तर समुद्रातसुद्धा एकटी जाशील. आता हे अर्ध्यात टाकून कशी येऊ?"

हे उत्तर माझंच होतं. अर्ध्यात टाकून कसा जाऊ, असं मीही यार्डात म्हणालो होतो. फरक इतकाच, की तिच्या घरी कोणी तापाने फणफणत नव्हतं. घरी फक्त मी असणार होतो, धडधाकट, कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावर.

"मी काय करायचं?" मी म्हणालो. हा प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता.

विद्याने ती कापडी पिशवी ओढली आणि आतून शाळेतल्या मुलांची असते तशी एक वही काढली. पहिल्या पानावर पट्टीने रेघ मारून वर लिहिलं होतं: हँडिंग ओव्हर नोट्स. खाली तारीख. आकडे घातलेले मुद्दे. समासही माझ्यासारखाच, दोन बोटांचा.

मी वाचायला लागलो. दूध सहाला येतं, पिशवी कडीला लावायची, नाहीतर मांजर फाडतं. पोळ्यांना मीनल येते. तिला उशिरा का आलीस असं विचारायचं नाही, विचारलं की ती चार दिवस येत नाही. सिलिंडरचा नंबर कॅलेंडरच्या मागे आहे. डाळीच्या डब्यांवर नावं आहेत, पण डब्यात तेच असेल असं नाही, उघडून बघावं. पाचवा मुद्दा पाण्याच्या पंपाचा होता: 'तुमच्या चौऱ्याण्णवच्या नोट्समध्ये डावा व्हॉल्व्ह उघडा असं आहे. ते चूक आहे. उजवा उघडायचा. तेव्हापासून मी उजवाच उघडते. कळवलं नव्हतं.'

वीस वर्षं चूक. आणि त्या कॉप्या मी कपाटात प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवल्या आहेत. पंपाचं काय ते मला विचारा, असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगत हिंडतो.

पान उलटलं. शेवटचं शीर्षक होतं, 'माहीत असलेले दोष'. खाली एकच नोंद होती.

'दुपारी चारच्या सुमाराला घर फार शांत होतं. रेडिओ लावून पाहिला. शेजारी जाऊन पाहिलं. झोपून पाहिलं. तुम्ही बोटीवर होता त्या एकोणतीस वर्षांत उपाय सापडला नाही. मशीन बिघडलेलं नाही, असंच आहे. चालवून घ्यावं.'

त्याखाली तिची सही. देणार, विद्या. आणि शेजारी, घेणार, पुढे कोरी रेघ.

मी काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं. मला ते येतं, दिवसभर तेच तर केलं होतं. त्याऐवजी चष्मा पुसला. नोंदीत चूक काढावी म्हणून मी ती पुन्हा वाचली. काढण्यासारखी चूक नव्हती. घेणाऱ्याने सगळं तपासल्याशिवाय सही करू नये, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला शिकवलं आहे. हिने माझ्या नोट्सवर सव्वीस वेळा सही केली होती, आणि मी एकदाही म्हणालो नव्हतो, की तपासून बघ, नसेल जमत तर सांग.

पलीकडे अनुजा परत आली होती. घड्याळात बघून म्हणाली, "चार वाजले, चला, आवरायचं," आणि तंबूच्या काठ्या उपटायला लागली. हेमचंद्र अजून माडाखाली कोणालातरी सर म्हणत होते.

विद्याने पेन पुढे केलं. तिची बोटं पाण्याने सुरकुतली होती. मी घेणारच्या पुढे सही केली.

"तारीख घाला," ती म्हणाली.

मी तारीख घातली.